नवसाचं पोर आणि निजलेली देवी

बेंबळीची कस्तुराबाई दर नवरात्रात तुळजापुरी आमच्याकडंच उतरायची. आम्ही देवीचे पुजारी, आणि मी या घरची थोरली सून, विमल. निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, मोटार सुरू झाली, तरी बाई बैलगाडीनंच यायची. दसऱ्याचं सीमोल्लंघन बघितलं की जुवारीच्या पेरणीसाठी लगेच माघारी.

त्या साली मात्र ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली, पदराखाली तान्हं पोर घेऊन. आधीची दोन हाती लागली नव्हती. म्हणून नवस केलेला, तिसरं जगलं तर सव्वा महिना पुरा होईल त्याच दिवशी देवीच्या नजरंसमोर ठेवीन. तो दिवस आजचाच.

"चला वयनी, देवळात."

"अहो, काल दसरा झाला न्हाय का? देवी निजली आता. पुनवंपर्यंत उठायची न्हाय."

बाईला हे ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत दसऱ्यानंतर ती कधी राहिलीच नव्हती.

"मिटल्या डोळ्यांनी ती काय बघंल, वयनी? नवस चुकला की माजा. आता ह्ये बी जातंय."

मला रागच आला. आधी कुणाला विचारून घ्यायला काय झालं होतं? तसं बोलूनही गेले. ती रडायला लागली, मग माझंच मला वाईट वाटलं.

देवीच्या निद्रेत तुळजापूर निराळंच असतं. संबळ गप्प, पायऱ्यांवर नुसतं ऊन, माणसं हळू बोलतात. देवी पलंगावर, म्हणून आमच्या घरात कुणी गादी घेत न्हाय. कस्तुराबाईही दुपारी ओसरीवर भुईलाच पोराशेजारी कलंडली. किती रात्री जागली होती कोण जाणे, लगेच घोरायला लागली. झेंडूचा वास दाटून आला होता. माझेही डोळे जड झाले, गाव कुठंतरी लांब गेल्यागत वाटलं.

पोर कुरकुरलं. मी उठणार तोच कस्तुराबाईचा हात आपसूक सरकला आणि त्याला थोपटायला लागला. डोळे मिटलेले, घोरणं चालूच. पोर गप्प झालं, तरी हात थांबेना.

मी कितीतरी वेळ बघत बसले. मग तिला हलवलं.

"उठा. देवळात जायचंय."

"देवी निजलीय ना?"

"निजू दे. पोराला पलंगापाशी नेऊ. तिला कळतंय."

"तुमाला कसं ठावं?"

"आत्ताच बघितलं," मी म्हणाले आणि पोराला उचलून घेतलं.