इनामदार बाईंनी परत केलेलं वाक्य

इनामदार बाई समोरच्या माणसाला एका शब्दात खाली बसवत. तो शब्द होता, "अर्थ?" हडपसरच्या आमच्या सोसायटीत पोहण्याच्या तलावाजवळ अध्यक्षांनी ‘एक्सक्लुझिव्ह लाइफस्टाइल झोन’ अशी पाटी लावली, तेव्हा बाईंनी त्यांना तिथेच गाठून विचारलं, "अर्थ?" अध्यक्ष बराच वेळ बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तलाव." काही दिवसांनी पाटी गेली.

हमीदा इनामदार माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं पुण्यात इतकं जुनं, की कुणी "तुम्ही मराठी छान बोलता हो" म्हटलं, तर त्या "तुम्हीही" एवढंच म्हणत.

तो "अर्थ?" मात्र मुळात त्यांचा नव्हता. तो आपटे साहेबांचा.

आपटे साहेब मोठ्या कंपनीतले निवृत्त अधिकारी. निवृत्त कंपनीतून, अधिकारातून नव्हे. दर शनिवारी दुपारी ते क्लब हाऊसमध्ये स्क्रॅबल भरवत. पिशवीतून अक्षरांच्या सोंगट्या काढायच्या आणि पटावर इंग्रजी शब्द जुळवायचा. त्यात साहेबांनी स्वतःचा एक नियम घातला होता. शब्द लावणाऱ्याने त्याचा अर्थ सांगायचा. नाही आला, तर सोंगट्या उचलायच्या आणि गुण शून्य. साहेब चष्म्यावरून बघत "अर्थ?" विचारत, तेव्हा भले भले इंजिनिअर चाचरत. गुण लिहायचं काम माझ्याकडे होतं.

बाई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी एक साधा शब्द लावला आणि अर्थ सांगायला तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला. "बाईंना अर्थ विचारायचा नाही. त्या मराठी माध्यमाच्या. आल्या हेच खूप."

सगळे कौतुकाने हसले. साहेब किती सांभाळून घेतात, असं कुणीतरी म्हणालंही. बाईंनी आभार मानले, चहा घेतला आणि लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "ते वाक्य लक्षात ठेवा. मला पुढे साक्षीदार लागेल."

त्यानंतर त्यांनी क्यू हे अक्षर हाती धरलं. स्क्रॅबलमध्ये क्यू निघाला की माणसाचा चेहरा पडतो, कारण त्याच्यामागे यू लागतो आणि तो ऐन वेळी मिळत नाही. यूशिवाय चालणारे क्यूचे सगळे शब्द बाईंनी अर्थासकट पाठ केले. पोळ्या लाटताना त्या पुटपुटत असत. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर. "यातले निम्मे आमच्या घरचेच आहेत," त्या म्हणाल्या. "इंग्रज घेऊन गेले होते. आता वसूल करते."

त्यांना कुणी अर्थ विचारत नसे, तरी त्या सांगत. एकदा त्यांनी क्यू-ए-टी लावला. "एका झुडपाची पानं. चघळली की माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटतं. साहेब, आपण घेता का?" साहेबांनी शब्दकोश मागवला. शब्द होता. नंतर क्यू-आय लावला, तेव्हा म्हणाल्या, "चिनी लोकांच्या मते अंगातली प्राणशक्ती. सोसायटीच्या मीटिंगनंतर जी उरत नाही ती."

बाई साहेबांना वरचेवर हरवू लागल्या. मला वाटलं, सूड पुरा झाला. तसं म्हणालो, तर बाईंनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. "हरवणं काय, कुणीही हरवतं. मला ते वाक्य परत करायचंय. जसंच्या तसं."

त्यासाठी साहेब अडायला हवे होते, आणि साहेब अडत नसत. खोटं कशाला बोला, त्या माणसाला इंग्रजी येत होतं. बाई वाट बघत राहिल्या. दर शनिवारी, वेळेवर, इस्त्रीची साडी नेसून.

मग साहेब आजारी पडले. बरे होऊन आले तेव्हा काठी होती, आणि बोलताना मधेच शब्द हरवत. त्यांनी पटावर ‘क्विल्ट’ लावला. शब्द बरोबर होता. सवयीप्रमाणे स्वतःच "अर्थ" म्हणाले आणि थांबले. ओठ हलले. हात मात्र गुडघ्यांवरून काहीतरी वर ओढून घेत होता, थंडीत गोधडी घ्यावी तसा. शब्द काही येईना.

बाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांना लावला.

"साहेबांना अर्थ विचारायचा नाही," त्या म्हणाल्या. "आले हेच खूप."

"बाईंचं मन किती मोठं," मागून कुणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य कुठून आलं हे त्या खोलीत तिघांनाच आठवत होतं. साहेबांनी बाईंकडे बघितलं. मग त्यांनी एकेक सोंगटी उचलून पिशवीत टाकली आणि मला म्हणाले, "शून्य लिहा."

लिफ्टमध्ये बाईंनी विचारलं, "कळलं ना त्यांना?" मी हो म्हटलं. "मग झालं," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी साहेब आले आणि थेट बाईंसमोर बसले. "इतरांनी सूट दिली तर देऊ देत. तुम्ही द्यायची नाही." बाईंनी दिली नाही. बाकीचे त्यांना लहान मुलासारखं खेळवत. एकट्या बाई प्रत्येक शब्दाला कठोरपणे विचारत, "अर्थ?" साहेब घाम पुसत आठवत. कधी आठवे, कधी मी शून्य लिहीत असे. पुढे त्यांची मुलगी त्यांना कर्वेनगरला घेऊन गेली आणि शनिवार बंद पडला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. आम्ही त्यांच्या मुलाला भेटायला गेलो, तेव्हा आपटे साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत आधीच बसलेले होते. बोलता बोलता कुणीतरी ‘क्विल्ट’ची गोष्ट काढली, बाईंनी साहेबांना कसं सांभाळून घेतलं त्याची. "फार दयाळू होत्या हो," गोष्ट सांगणारे म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"दयाळू," ते म्हणाले. "अर्थ?"

कुणालाच सांगता आला नाही. नियमाप्रमाणे तो शब्द उचलावा लागला.