नामदेवरावांची शेवटची डागडुजी

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवराव माझ्या घराच्या भिंतीला कान लावून उभे असत. बोटांच्या पेरांनी गिलावा ठोकायचा, ऐकायचे, पुन्हा हातभर पुढे सरकायचे. गिलावा सुटलेला आढळला की तिथे कोळशाने फुली मारून मला हाक देत, "साहेब, हितं पोकळ बोलायलंय." सारी हयात एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून काढलेला हा माणूस घराकडेही गाडीसारखाच पाहत असे. उन्हाळ्याआधीच्या डागडुजीला त्यांनी नावही आगारातलेच दिले होते: "पासिंग".

परभणीतील आमच्या वसाहतीत त्यांचे घर माझ्या घराला लागून. मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. नाली तुंबली, दिव्याचा खांब वाकला, की मी संबंधितांना कलमांसह पत्र धाडतो. उत्तर न आल्यास स्मरणपत्र. नामदेवराव त्याची यथेच्छ थट्टा करीत. "तुमची चिठ्ठी पोचूपर्यंत मी नाली काढून आंघूळ करून बसतो," असे म्हणत, आणि खरोखरच तसे करीत.

फाल्गुनात दोन्ही घरांचे काम आम्ही मिळून करायचो, आधी माझे, मग त्यांचे. गच्चीच्या भेगा, चुन्याचे दोन हात, कूलरला नवा वाळा आणि शेवटी मोगऱ्याची छाटणी. मोगऱ्याच्या बाबतीत ते निर्दय होते. फांद्या वीतभर ठेवत, पाने ओरबाडून काढत आणि पाणी तोडत. माझी पत्नी हळहळली की समजावत, "वैनी, लाडानं नुसता पाला वाढतो. जरा उपाशी ऱ्हाऊ द्या, वैशाखात ओंजळ पुरायची न्हाई." ओंजळ खरोखरच पुरत नसे.

गेल्या वर्षी त्यांनी क्रम बदलला. "आवंदा आधी माझं घर घेऊ," म्हणाले. चुन्याचा तिसरा हात झाला, फाटकाला तेलरंग लागला, न्हाणीचे दारही नवे बसले. घरात काही कार्य आहे काय, असे मी विचारले. पाहुणे येणार आहेत, एवढेच उत्तर मिळाले.

पाहुणे आले. वालूरचे, साडूच्या नात्यातले, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. मी तेव्हा नामदेवरावांच्याच अंगणात ब्रश धूत होतो. छत गळते काय, बोअरला पाणी कधीपर्यंत टिकते, असे पाहुण्यांनी सहज विचारावे तसे विचारले. नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिले, तसा मीच उत्साहाने सांगत सुटलो. हद्दीचा काही वाद? यावर मी ब्रश खाली ठेवला आणि साक्षीदाराच्या गांभीर्याने सांगितले की या जागेची कागदपत्रे मी स्वतः वाचलेली आहेत, लगतचा मालक मीच आहे, आणि तसूभरही वाद नाही. नामदेवराव चहा सांगायला आत गेले.

पाडव्यानंतर तेच पाहुणे टेप घेऊन जागा मोजताना दिसले. मला पाहताच त्यांनी आदराने हात जोडले. "साहेब, तुमी बोललात म्हणून मी दुसरीकडं चौकशीच केली न्हाई. आता आपण शेजारी."

विक्रीस काढलेल्या घराला माझ्या हातून चुना लावून घेतला, त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही माझ्या तोंडून वदवली आणि मला एका शब्दाने कळवले नाही. न्यायालयात फसवणुकीची प्रकरणे मी पुष्कळ वाचली. फसणाऱ्याच्याच हातात ब्रश दिल्याचे एकही आठवत नाही.

मी त्यांना पत्र लिहिले. शेजारच्याच घरी, पण पोचपावतीसह टपालाने. घर सोडताना भाडेकरूसुद्धा आगाऊ सूचना देतो. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याचा तेवढाही हक्क नव्हता काय, एवढाच माझा प्रश्न होता.

पत्र हातात घेऊनच ते आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मीही आत या म्हणालो नाही.

"साहेब, हिचे गुडघे गेले. पोराकडं पुण्याला जावं लागायलंय. तुमाला आधी सांगितलं असतं तर तुमी रोज पायरीवर येऊन बसला असता. मग माझ्याच्यानं सही झाली नसती."

"म्हणून मला साक्षीदार केलंत?"

त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुमी खोटं बोलत न्हाई, हे सगळ्या परभणीला ठावूक हाय. तेवढं वापरलं मी."

त्यांनी क्षमा मागितली नाही. मागितली असती तर मी नाकारली असती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. सामानाचा ट्रक निघाला त्या दिवशी सारी वसाहत निरोपाला रस्त्यावर उभी होती, आणि मी दाराला आतून कडी घालून बसलो होतो. त्यांची पावले फाटकापर्यंत आली, थांबली आणि परतली. दार त्यांनी वाजवले नाही. मी उघडणार नाही, हे एवढ्या खात्रीने जाणणारा दुसरा माणूस आता या गावात नाही.