पुस्तकं हुंगणारे लायब्ररीबाबू

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! नव्या नियमानं आमच्या कलकत्त्याच्या शाळेत प्रत्येक पुस्तकाला कार्ड आलं, वाचणाऱ्याचं नाव लिहायला. तरी लायब्ररीबाबू परत आलेलं पुस्तक आधी हुंगतात. "हे तापात वाचलंय," म्हणतात, आणि ते खरंच निघतं!

आज वाचनाच्या तासाला हेडमास्तर एक बंदी घातलेलं पुस्तक घेऊन लायब्ररीत आले. त्यातलं कार्ड फाडलेलं होतं.

"कुणी वाचलं? शाळेतून काढतो त्याला!"

मीच वाचलं होतं, आईच्या गोड्या मसाल्याच्या डब्यामागे लपवून. आणि वर्गात मराठी मी एकटीच!

बाबूंनी पुस्तक हुंगलं आणि सावकाश माझ्याकडे बघितलं.

"मोहरीचं तेल, सर. म्हणजे अख्खं कलकत्ता."

हेडमास्तर चरफडत गेले. बाबू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चाळिसाव्या पानावर रडलीस ना?"

रडले होते हो! तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी?