चोवीस निळे शर्ट

माझी डिग्री टेक्स्टाइल केमिस्ट्रीची आहे. लग्नाआधी तीन वर्षं मी भिवंडीजवळच्या एका छपाईच्या कारखान्यात, तिथल्या लॅबमध्ये नोकरी केली. छापलेलं कापड किती धुण्यांत विटतं, घासल्यावर रंग सोडतं का, घामाने त्याचं काय होतं, उन्हाने काय होतं, हे तपासणं माझं काम. माझी सही झाल्याशिवाय माल ट्रकमध्ये चढत नसे. एकदा मी एक अख्खा लॉट अडवला तेव्हा मालक स्वतः लॅबमध्ये आले. आता हे ओरडणार, अशी माझी तयारी होती. त्यांनी स्टूल ओढलं, तुकडा हातात घेतला, ओल्या बोटाने घासला आणि म्हणाले, "थांबवा मग." एवढंच. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते.

हे आधी सांगते, कारण जपानला आल्यावर महिन्याभरातच माझ्या नवऱ्याने या सगळ्याचा एका वाक्यात निकाल लावला.

आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात राहत होतो. तो तिथल्याच एका बँकेच्या प्रोजेक्टवर सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून दर महिन्याला नवीन इंजिनिअर येऊन उतरत होते. आमच्याच इमारतीत आपली चार कुटुंबं होती. एका रविवारी त्याच्या टीममधले पाच-सहा जण आमच्याकडे पोहे खायला आले. त्यांच्यातल्या एकाने सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही तिकडे काय करायचात?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "ती? तिने कपडे धुण्यात डिग्री घेतलीय. चेष्टा नाही, युनिव्हर्सिटीची डिग्री आहे!"

सगळे हसले. मीही हसले. पाहुणे घरात होते, बशा हातात होत्या, हसले. बाकी सगळ्यापेक्षा त्या हसण्याचा मला आजही जास्त राग येतो.

विनोद खपला म्हटल्यावर त्याने तो जपून ठेवला. जो नवा माणूस भेटेल त्याला तो ऐकवायचा. स्टेशनवर, देवळाच्या कार्यक्रमात, एकदा तर ऑफिसमधल्या जपानी साहेबांनाही त्याने तो मोडक्यातोडक्या जपानीत समजावून सांगितला. ते बिचारे हसले नाहीत. "सुंदर विषय आहे," म्हणाले आणि मला वाकून नमस्कार केला.

शरद ऋतूत नदीकाठच्या मैदानावर आपल्या कंपन्यांची क्रिकेटची मॅच ठरली. नवऱ्याच्या बॉसने टीमसाठी शर्ट छापून घ्यायचं ठरवलं. स्टेशनच्या मागच्या गल्लीत छपाईचं एक छोटं दुकान होतं, तिथे ऑर्डर दिली. गर्द निळे शर्ट, छातीवर टीमचं नाव, पाठीवर आडनाव आणि नंबर, जाड पांढऱ्या अक्षरांत. खेळणारे, राखीव आणि हौस म्हणून पोराबाळांचे धरून चोवीस. खोका घरी आला तेव्हा शर्टांना रॉकेलसारखा वास येत होता. बॉसने फोनवर सांगितलं, "वहिनींना म्हणावं एकदा धुऊन द्या सगळे. त्यांचाच तर विषय आहे."

मला खरं तर बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी हातात कामाची वस्तू आली होती. मी प्रिंटवरून नख फिरवलं, कापड ताणून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, "ही शाई कापडात मुरलेली नाही. प्लास्टिकसारखा पापुद्रा आहे, उष्णतेने वर चिकटवलेला. जो उष्णतेने चिकटलाय तो उष्णतेनेच सुटणार. गार पाणी, शर्ट उलटे करून, ब्लीच नाही, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. इस्त्री प्रिंटवर फिरवायची नाही. आणि ड्रायरमध्ये तर अजिबात घालायचे नाहीत."

तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "होय प्रोफेसर."

गुरुवारी मी ते शर्ट धुतले. जपानी घरांतला अंघोळीचा टब खोल असतो, त्यात गार पाणी भरलं, साबण आधी वेगळा विरघळवला आणि सहा-सहा शर्ट उलटे करून बुडवले. घासले नाहीत, नुसते दाबून दाबून धुतले. मग टॉवेलात गुंडाळून पाणी टिपून घेतलं. दुपारपर्यंत बोटं पांढरी पडली होती आणि पाठ भरून आली होती. एकाही शर्टाचं एकही अक्षर उचललं गेलं नव्हतं. मी एकेक उजेडात धरून पाहिलं होतं, लॅबमध्ये पाहायचे तसं.

पण त्या आठवड्यात एक वादळ समुद्रावरून चाललं होतं आणि पावसाची रिपरिप थांबत नव्हती. बाल्कनीत काही वाळणार नव्हतं. मी खोलीत दोऱ्या बांधल्या, पंखा लावला, दर दोन-तीन तासांनी शर्टांची जागा बदलली. शनिवारी दुपारी बघितलं तर फक्त शिवणी आणि काखा दमट होत्या.

"उद्या सकाळपर्यंत वाळतील," मी नवऱ्याला सांगितलं. मॅच रविवारी दहाला होती. मग मी वॉर्डाच्या हॉलमध्ये जपानीच्या वर्गाला गेले.

परत आले तर दोऱ्या रिकाम्या. पाठोपाठ नवरा दोन पिशव्या घेऊन आत आला. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

त्याने ते सगळे शर्ट कोपऱ्यावरच्या, नाणी टाकून यंत्रं वापरायच्या कॉइन लाँड्रीत नेले होते. घडी घालायला सोपं जावं म्हणून आधी सुलटे केले, मग दोन ड्रायरमध्ये कोंबले आणि उष्णतेचं बटण सगळ्यात वर लावलं. अक्षरं वितळून एकमेकांना चिकटली होती. एकाचा नंबर दुसऱ्याच्या छातीवर, एकाचं आडनाव तिसऱ्याच्या बाहीवर. ओढून सोडवायला गेलं की टरकन आवाज व्हायचा आणि पांढरा पापुद्रा लोंबायचा. चोवीसातले तीन-चारच धड राहिले होते.

"प्रिंटच भिकार होतं," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ धुवायला घेतले. तेवढ्यात फोन वाजला. बॉसचा होता. भिंती कागदासारख्या, सगळं ऐकू येत होतं.

"सर, शर्टांचा जरा घोळ झालाय... नाही हो, बायकोने धुतले ना... हो ना, डिग्री घेऊनसुद्धा!" आणि तो हसला.

मी तशीच ओल्या हातांनी बाहेर गेले. "काय सांगितलंस तू?"

"अगं, तुला कोण काय बोलणार आहे? मला सोमवारी त्यांच्यासमोर बसायचंय."

"म्हणून माझं नाव घेतलंस?"

"शर्ट आहेत गं. एवढं काय त्यात?"

दिवसभर तडजोड करून जगणारा साधा माणूस आहे तो, दुष्ट नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याने राग कमी झाला नाही, उलट वाढला. दुष्टपणाने केलं असतं तर निदान विचार करून केलं असतं. त्याने माझं नाव पुढे केलं ते दारात पाय पुसण्यासाठी फडकं पुढे सरकवावं तसं.

संध्याकाळी मी रद्दी बांधायला बसले, कारण सोमवारी कागद न्यायला गाडी यायची. वर्तमानपत्रांच्या मध्ये एक जाडसर कागद सापडला. छपाईच्या दुकानाने शर्टांबरोबर दिलेला. जपानी मला जेमतेम येत होतं, पण तो वाचायला जपानीची गरज नव्हती. चित्रं होती. उलटा केलेला शर्ट, गार पाण्याचा टब आणि ड्रायरच्या चित्रावर मोठी लाल फुली. कागदाच्या मागे नवऱ्याच्या अक्षरात यादी होती, कोणता नंबर कोणाला द्यायचा त्याची. म्हणजे कागद त्याच्या हातात होता. मी सांगितलं होतं, दुकानाने सांगितलं होतं, आणि त्याने दोघांचंही ऐकलं नव्हतं.

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

रविवारी पाऊस उघडला. समोरची टीम पिवळ्या शर्टांत चकाचक आली होती. आमच्यातले काही घरचे टी-शर्ट घालून आले होते, काहींनी फाटक्या अक्षरांचे निळे शर्ट हौसेने चढवले होते. एकाच्या पाठीवर अर्धंच आडनाव उरलं होतं आणि पिवळे त्याला त्याच अर्ध्या आडनावाने हाका मारत होते. बायका एका बाजूला चटया टाकून चहाचे थर्मास उघडत होत्या. बॉसच्या बायकोने मला कप दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, एवढी शिकलेली तू, आणि साधे शर्ट धुता आले नाहीत?"

बॉस तिथेच उभे होते. "वहिनी, डिग्री परत करा हो युनिव्हर्सिटीला!"

हशा पिकला. माझा नवरा दोन पावलांवर पॅड बांधत होता. त्याने वर पाहिलं आणि तोही हसला.

मी कप खाली ठेवला. "शर्ट मी धुतले," मी म्हणाले. तिच्याइतक्याच मोठ्या आवाजात. "गार पाण्यात, हाताने. एक अक्षर सुटलं नव्हतं. मी घरात नसताना याने ते ड्रायरमध्ये घातले. घालू नकोस म्हणून मी सांगितलं होतं. दुकानानेही सांगितलं होतं. हा बघा त्यांचा कागद, मागे याच्याच अक्षरात यादी आहे."

कोणी कागदाला हात लावेना. बॉसची सात वर्षांची मुलगी तिथे खेळत होती, ती जपानी शाळेत जायची. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि धड्यासारखा मोठ्याने वाचला, "कान्सोकी, दामे." मग आमच्यासाठी मराठीत सांगितलं, "ड्रायर नाही चालणार, असं लिहिलंय बाबा."

कोणी हसलं नाही. नवरा पॅडचा पट्टा धरून तसाच वाकलेला राहिला.

बॉसची बायको मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "खरं असलं तरी नवऱ्याला असं चारचौघांत बोलू नये गं."

"तुम्ही मला चारचौघांतच बोललात ना, वहिनी?"

मी पर्स घेतली आणि बंधाऱ्यावरून चालत घरी आले. मॅच कोण जिंकलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

संध्याकाळी घरी भांडण झालं. "माझी नोकरी आहे तिथे!" तो ओरडला. "माझीपण होती!" मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले, आणि शेजारच्या आजींनी भिंतीवर टकटक केली. मग आठ दिवस आम्ही जेवलास का, दूध संपलंय, एवढंच बोललो. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "शर्टांवरून एवढं ताणू नये." मी तिच्यावरही चिडले. चूक कोणाची हे तिने विचारलंच नाही.

त्या आठवड्यात मी चिकटलेल्या शर्टांची पिशवी घेऊन, परत छापून मिळतील का ते विचारायला छपाईच्या दुकानात गेले. आत म्हातारे मालक आणि त्यांची बायको. शर्ट पाहून मालकांचा चेहरा कडू झाला आणि ते मलाच रागवायला लागले. ड्रायर, ड्रायर, एवढं कळत होतं. "मी नाही घातले" हे सांगण्याइतकं जपानी होतं माझ्याकडे, पण सांगितलं नाही. खुलासे देऊन कंटाळा आला होता. मी त्यांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि प्रिंट किती उष्णतेवर, किती वेळ, किती दाबाने चिकटवता, हे खुणांनी विचारलं: १६०, अंशाची खूण, सेकंद, दाबाचा बाण, पुढे प्रश्नचिन्ह. ते थांबले. १६० खोडून १५० लिहिलं. मी मान डोलावली आणि सेकंदांपुढे वर जाणारा बाण काढला, म्हणजे वेळ कमी पडतोय, कडा कच्च्या राहिल्यात, आणि पिशवीतल्या एका धड शर्टावरच्या अक्षराची कड नखाने उचलून दाखवली.

त्यांनी बायकोला हाक मारली. मग कपाटातून चार नमुने काढून माझ्यासमोर ठेवले आणि खुणेने विचारलं, कोणता आधी जाईल? मी रुमाल ओला करून एकेक घासला, उजेडात धरला, तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हेऽ," जपानी माणसं नवलाने म्हणतात तसं, एवढंच म्हणाले ते, आणि बायकोने चहा आणला.

पुढे त्यांनी मला कामावर घ्यायचं ठरवलं, पण प्रत्यक्ष काम मिळायला चार महिने गेले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला कामाची परवानगी वेगळी काढावी लागते, आणि फॉर्मवर सही करायला नवऱ्याने आधी दोन आठवडे लावले. पण केली. आठवड्यातून तीन दिवस मी सायकलने जायचे. आधी फक्त शर्टांच्या घड्या घालायला दिल्या, त्याचाही राग गिळला. पुढे धुऊन तपासायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या खुणेशिवाय नवा पापुद्रा ते वापरायचे नाहीत.

नवरा मित्रांना सांगायचा, "टाइमपास म्हणून जाते." पहिल्यांदा ऐकलं त्याच क्षणी, त्याच मित्रांसमोर मी म्हणाले, "टाइमपास नाही. नोकरी." पुन्हा तो तसं बोलला नाही. डिग्रीचा विनोदही बंद झाला. बॉसच्या घरी आम्हाला पूर्वीसारखं बोलावणं येत नसे, याची चुटपुट त्याला होती, मला नव्हती.

चार वर्षांनी आम्ही पुण्याला परतलो. आमचं बरं चाललंय. मुलगी झाली, घर झालं, तो तिचे कपडेसुद्धा धुतो आणि नीट धुतो. पण त्या शनिवारच्या फोनबद्दल त्याने आजवर माझी माफी मागितलेली नाही. एकदा मी स्पष्ट विचारलं, तर म्हणाला, "तुझ्या अजून लक्षात आहे?"

आहे.