अर्धा कोयता आणि काजूची झाडं

दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी होते. ट्रक येतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढतं आणि माणसं उसाला निघून जातात. मागं राहतात म्हातारी, कुत्री आणि मी. मी म्हातारा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उसाची गाडी पलटी होऊन माझा गुडघा गेला, म्हणून राहिलो.

ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी. दोघं मिळून एक कोयता. एकट्याला मुकादम धरत नाही, अर्धा कोयता म्हणतो. माझा गुडघा गेल्यावर बायको तिच्या धाकट्या भावासोबत जाऊ लागली. त्या पावसाळ्यात तिनं रोपवाटिकेतून काजूची रोपं आणली आणि आमच्या मुरमाड उतारावर लावली. तिथं कुसळाशिवाय कधी काही उगवलं नव्हतं. ट्रकवर चढताना मला म्हणाली, “ही जगवा. यांला फळं लागली की कोयता खाली ठेवीन. मग म्या कुठं जात न्हाई.”

बस. तेवढ्या बोलण्यावर मी राहिलो.

प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं पुरलं. बुडाला भोक, भोकात चिंधी, म्हणजे पाणी मुळाशी हळूहळू झिरपतं. गुडघा ओढत विहिरीवरून पाणी आणायचं आणि मडकी भरायची, हेच माझं काम. शेजारच्या रानाचा म्हातारा बांधावर उभा राहून म्हणाला, “काहून बे, मौतीची मडकी रानात पुरतो? कोकणातलं झाड इथं येतंय व्हय?” माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “तुमच्या बांधाला बाभळ बी धरत न्हाई, गप बसा!” नंतर वाईट वाटलं. दिवसभरात बोलायला तेवढा एकच माणूस, त्याच्याशीही भांडून बसलो.

बायकोचा फोन संध्याकाळी यायचा. पहिला सवाल ठरलेला, “झाडं कशी हायती?” दुसरा, “मडकी भरली का?” तिसऱ्याच्या आत तिकडून कुणीतरी हाक मारायचं आणि फोन बंद. माझ्या गुडघ्याचं नाव नाही. लई राग यायचा. मी काय झाडांचा गडी हाय का, असं ओठावर यायचं आणि मी गिळायचो. भांडलो असतो तर तेवढाही आवाज गेला असता.

चौथ्या वर्षी फळं धरली. काजू आम्ही बघितलेला तो दुकानातला, पांढरा. फळाच्या बुडाला लटकलेली बी मी तोडली आणि सरळ दातानं फोडली. अरे देवा! सालीतल्या तेलानं ओठ भाजले, तोंड सुजून भोपळा झालं. घरात कुणी असतं तर आधी पोटभर हसलं असतं आणि मग शिव्या देत खोबरेल लावलं असतं. मला हसायलाही कुणी नव्हतं. त्या दिवशी मी रडलो. ओठासाठी नाही, खोटं कशाला बोलू.

चैत्रात ती परत आली तेव्हा फळं झाडावर होती, लाल-पिवळी. गाठोडं खाली न ठेवताच ती उतारावर गेली. एक फळ खाल्लं, रस कोपरापर्यंत ओघळला, घसा धरला तरी हसत होती. दर पावसात ओढ्याला जाणारी माती झाडांखाली पाल्याच्या थरात थांबली होती. तिनं मूठभर उचलून वास घेतला. मला वाटलं, जिंकलो.

मग ती भाकरी टाकायला घरात गेली आणि पिठाचा डबा उघडला. पिठाला जाळी धरली होती, आत आळ्या. एकट्यासाठी चूल कशाला पेटवायची म्हणून मी किती दिवस मुरमुऱ्यांवर काढले, ते त्या डब्यानं सांगून टाकलं. तिनं माझ्याकडं बघितलं. डबा घासून उन्हात पालथा घातला.

पावसाळ्यात मुकादम आला आणि ती पुन्हा हो म्हणाली. मी म्हटलं, “तू म्हणली होतीस, कोयता खाली ठेवीन.”

“फळं लागली खरी,” ती म्हणाली, “पण एवढ्यात घर चालतंय का? झाडं अजून लेकरंच हायती. आत्ताच त्यांच्यावर ओझं टाकायचं का? अजून दोन साल, अहो.”

मी चिडलो, जेवलो नाही. पण तिचं खरं होतं. इकडं शेजारचा म्हातारा आता विचारतो, “ती मडकी कुठनं आणली बे?” त्यालाही रोपं लावायचीत. मी सांगितलं त्याला.

यंदाही दिवाळीनंतर ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मडकी भरत होतो, तेवढ्यात फोन वाजला. उत्तर तयारच होतं माझं.

तिकडून ती म्हणाली, “जेवला का?”

मी मडक्याजवळ खालीच बसलो. चूल सकाळपासून पेटली नव्हती.

“झाडं बरी हायती,” मी म्हणालो.