बेडकाचं पाप माझ्या सहीवर

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दुकानात पडले. तराजूमागं उभे राहून एका बाईला शेंगदाणे तोलून देत होते. तोलता तोलता खाली बसले आणि बसल्या जागी आडवे झाले. शेंगदाणे सगळ्या फरशीवर पसरले. मी आत भाकरी थापत होते. आवाज ऐकून पिठाच्या हातानंच बाहेर आले.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सत्तरी ओलांडलेली. तीन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हतं, आणि त्याला कारण मी होते.

नवऱ्यानं त्यांना पोत्याला टेकवून बसवलं. मी साखरमिठाचं पाणी केलं, पेला तोंडाला लावला. आप्पांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. शेंगदाणे घ्यायला आलेली बाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "सासऱ्याला मारून पोरीला डाक्टर करतीस का गं?"

मी म्हणाले, "झाली डाक्टर, तर पयली तूच येशील दाखवायला."

तालुक्याची गाडी नऊ वाजता होती. माझ्या पिशवीत मुलीच्या कॉलेजचा अर्ज होता. विषय बदलायचा तो शेवटचा दिवस होता.

हे कशावरून झालं ते सांगते.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अलीकडं. घरात किराणा दुकान. आम्ही शिवाची माणसं, घरात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग. आप्पा रोज अंघोळ करून लिंग तळहातावर घ्यायचे, पूजा करायचे, लिंगावरून ओघळलेलं पाणी तीर्थ म्हणून प्यायचे, आणि मगच जेवायला बसायचे. त्यात कधी खंड पडला नाही. अंडं, मांस आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. मुंगी दिसली तरी आप्पा झाडू उचलत नसत, फुंकर मारत.

नव्वदीची पहिली वर्षं होती. दुकानाचं रूप बदलत होतं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारात लटकायला लागल्या, सुट्या चहापत्तीच्या जागी पाकिटं आली, समोर पिवळ्या पाटीचा फोन आला. आप्पांचे हिरडा, बेहडा, ओवा, बाळंतकाढ्याचं सामान असे डबे मागच्या फळीवर सरकले. पण ओळखीची माणसं अजून आप्पांना नाडी दाखवून काढा मागायची. पैशापेक्षा आप्पांना त्याचंच कौतुक होतं.

मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. डॉक्टर व्हायचं म्हणाली. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मला ते पटलं, एवढंच. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, म्हणून तिथं संपलं. त्याचं मी कधी रडगाणं गायलं नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, विषय निवडावे लागतात. अर्ज नवऱ्यानं भरला, आप्पा शेजारी बसलेले. सायन्स घ्यायचं एवढं ठरलेलं. एका रकान्यात जीवशास्त्र किंवा पीकशास्त्र असं होतं. आप्पांनी विचारलं, जीवशास्त्रात काय असतं? मुलगी खरं बोलली. म्हणाली, झाडं असतात, प्राणी असतात, प्रॅक्टिकलला बेडूक कापायचा असतो.

आप्पा म्हणाले, मग पीकशास्त्र लिही. त्यांचा हिशोब सरळ होता. औषधं सगळी झाडापाल्याची. हिरडा काय बेडकातून निघतो का? झाडाचं शास्त्र शिकलं की औषधाचं शिकलं. त्यांना वाटलं आपण डॉक्टरकीचाच रस्ता निवडला, फक्त हिंसा टाळून. नवऱ्याला वाटलं बाप दुकानात जन्मभर औषधं विकतोय, त्याला कळत असणार. मला तर काहीच माहीत नव्हतं. मी मान हलवली. ही चूक आमच्या तिघांची.

कॉलेज सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले. एक दिवस मुलगी घरी आली आणि दप्तर न उतरवता ओट्यावर बसली. वर्गात सरांनी विचारलं होतं, मेडिकलला कोणाकोणाला जायचंय? हिनं हात वर केला. सरांनी यादी बघितली आणि सांगितलं की या विषयांवर तू शेतीखात्यात साहेब होशील, पण डॉक्टर व्हायचं दार आजच बंद झालंय. जीवशास्त्राशिवाय तिकडं उभंसुद्धा करत नाहीत. विषय बदलायला तीनच दिवस आहेत, या अर्जावर पालकाची सही आण.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला. आप्पा शांतपणे म्हणाले, लिंग हातात घेणाऱ्या पोरीनं बेडूक कापायचा नाही.

मी म्हणाले, आपल्यात विटाळ मानत नाहीत ना? मी सासरी आले तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं. चार दिवस बाहेर बसायचं नाही, गळ्यात लिंग असलेल्याला कसलाच विटाळ नाही. घरात माणूस गेलं तरी आपण सुतक धरत नाही. मग बेडकाचा विटाळ कुठून आला?

आप्पा म्हणाले, "इटाळाचं कोन बोलतंय? जीव मारायचा का न्हाई, तेवढं सांग."

त्यांचा प्रश्न बरोबर होता. आजही मला तसंच वाटतं. मी तिथं गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसले नाही. मी सासूबाईंचं काढलं.

सासूबाईंना अंगावरून रक्त जायचं. वर्षभर जात होतं. गेवराईला डॉक्टर होता, पण तो पुरुष. त्या त्याला दाखवायला तयार नव्हत्या. बाई डॉक्टर जवळपास नव्हती. आप्पा काढा करून देत राहिले, त्या पीत राहिल्या, आणि त्यातच गेल्या. शेवटच्या महिन्यात त्यांची पातळं मीच धूत होते, त्यामुळं किती जात होतं ते मला माहीत होतं.

मी म्हणाले, "आप्पा, बाई डाक्टर आसती तर आत्याबाईनं दाखिवलं आसतं. तुमचा काढा वरीसभर पाजला, काय झालं त्याचं?"

आप्पांनी ताट पुढं सरकवलं. उठले, हात धुतले. जाताना म्हणाले, "ती बेडूक कापनार आसंल तर मी जेवनार न्हाई."

लोकांना वाटलं आप्पा बेडकासाठी उपाशी राहिले. मला माहीत होतं की ते माझ्या त्या वाक्यासाठी राहिले. नवरा शेवटपर्यंत म्हणायचा, ते बोलायला नको होतंस. खरं होतं, म्हणून बोलले.

पहिला दिवस आणि दुसरा दिवस आप्पा दुकानात बसले, गिऱ्हाईक केलं. सकाळी पूजा, तळहातभर तीर्थ, बस्स. नवरा दोनदा ताट घेऊन गेला, दोनदा परत आला. माझ्याशी आप्पा बोलत नव्हते. शेजारपाजार येऊन बघून जात होता. कोणी मला समजावत होतं, कोणी आप्पांना. मुलीकडं कोणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "माय, ऱ्हाऊ दे. मी पीकशास्त्रच करते. आप्पाला जेवू दे."

मी म्हणाले, "तुला इचारलं व्हतं तवा तू डाक्टर म्हनलीस. आता तुला कोन इचारतंय?"

ती रडायला लागली. मग खरं कारण बाहेर आलं. तिला बेडकाची किळस येत होती. आप्पांच्या उपासामागं ती स्वतःही लपत होती. पावसाळ्यात आमच्या मोरीत बेडूक यायचे आणि ही अंघोळ अर्धी टाकून पळायची. मी तिला हाताला धरून मोरीत नेलं. कोपऱ्यात एक बसलेलाच होता. म्हणाले, धर. तिनं दोनदा हात मागं घेतला. तिसऱ्यांदा डोळे मिटून धरला. मी म्हणाले, डोळे उघडून धर, मिटून काय कापशील? तिनं डोळे उघडले. बेडूक सोडला नाही. मागच्या दारानं नेऊन लिंबाखाली ठेवला, परत आली आणि ओकली. मी पाणी दिलं. तिच्या दप्तरातून अर्ज काढून घेतला आणि पिशवीत टाकला. माझ्या बाजूनं विषय तिथं संपला.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पडले.

मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. नखं पांढरी पडली नव्हती. डोळे उघडे होते, माझ्याकडं रागानं बघत होते. रागावलेला माणूस लगेच मरत नाही असं मी धरून चालले. नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरला बोलवा, सलाईन लावू द्या, आप्पा नको म्हणाले तरी लावू द्या. नवरा म्हणाला, "आता तरी ऱ्हाऊ दे. लोक काय म्हनतील?"

मी म्हणाले, "लोकाला मी आल्यावर सांगीन."

हातावरचं पीठ धुतलं आणि मुलीला घेऊन निघाले. फाट्यापर्यंत ती मागं वळून बघत होती. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते. ते काही धैर्य नव्हतं. गाडी चुकली असती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कॉलेजच्या ऑफिसात गर्दी होती. अकराला रांगेत लागलो ते एक वाजता खिडकीशी पोचलो. कारकुनानं अर्ज उलटून बघितला. म्हणाला, वडिलांची सही नाही.

मी म्हणाले, "ते घरी हायेत. त्येंचे वडील सकाळी पडलेत."

कारकून म्हणाला, "घरी म्हातारा पडलाय आणि तुम्ही इथं?"

"तारीख आजचीच हाय ना?"

 त्यानं अर्ज माझ्याकडं फिरवला. विचारलं, सही येते की अंगठा? मी म्हणाले, येते. चौथीत शिकले होते तशीच सही केली, सुटी सुटी अक्षरं. खाली एक ओळ रिकामी होती, विषय बदलण्याचं कारण. मुलगी लिहायला पुढं झाली. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, पहिल्यांदा आमचं चुकलं. कारकुनानं वाचलं, शिक्का मारला.

परतीच्या गाडीत मुलीनं विचारलं, आप्पाला काही झालं असलं तर? मी म्हणाले, झालं असलं तरी तू जीवशास्त्रच शिकणार. हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. चांगलं नाही. पण खोटंही नव्हतं.

घरी आलो तेव्हा दारात चपला होत्या, पण रडण्याचा आवाज नव्हता. आप्पा बाजेवर, हाताला सलाईन, बाटली खुंटीला टांगलेली. मला बघून त्यांनी शेजाऱ्यांना बाहेर जायला सांगितलं.

म्हणाले, "झालं का?"

"झालं. सही माझी हाय. बेडकाचं पाप लागायचं आसंल तर सही बघून माझ्या नावावर लागू द्या. पोरीच्या न्हाई."

 आप्पा नवऱ्याला म्हणाले, "भात टाकाय सांग. आता मी उपाशी मेलो तरी बेडूक काय वाचत न्हाई."

मी मऊ भात केला, वर वरणाचं पाणी. ताट घेऊन गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. तुझ्या हातचं नको म्हणाले. नवऱ्यानं ताट घेतलं, मग जेवले.

मला वाटलं दोन-चार दिवसांचा राग असेल. तसं नव्हतं. त्यांनी माझं म्हणणं शब्दशः घेतलं होतं. पाप माझ्या नावावर म्हणजे माझ्याच नावावर. त्या दिवसानंतर आप्पांनी माझ्या हातून ताट कधी घेतलं नाही. स्वयंपाक माझाच, पण वाढायचं नवऱ्यानं नाहीतर मुलीनं. मुलगी कॉलेजात बेडूक कापून संध्याकाळी घरी यायची, हातपाय धुवायची, आप्पांना वाढायची, आणि तिच्या हातचं ते खुशाल जेवायचे. मला सुरुवातीला हसू आलं. मग राग आला. मग सवय झाली. त्यांनी न्याय चुकीचा केला असं मला म्हणता येत नाही. मीच तसं मागितलं होतं.

एकदाच त्यांनी मुलीला विचारलेलं मी आतून ऐकलं. बेडकाच्या पोटात काय असतं गं? तिनं सांगितलं, काळीज असतं, पित्ताची पिशवी असते, आपल्यासारखंच. आप्पा म्हणाले, "मंग मानसाचं बी नीट बघून ठेव." एवढंच.

बारावीनंतर तिचा नंबर अंबाजोगाईला मेडिकलला लागला. आप्पांनी तिला सोडायला जाताना नवा सदरा घातला. माझ्याशी बोलले नाहीत.

ती आता बायकांची डॉक्टर आहे. शेंगदाण्याची बाई तिच्याकडं तीनदा गेली. नवरा चार वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला. आप्पा त्या उपासानंतर नऊ वर्षं जगले आणि झोपेत गेले. त्या तीन दिवसांतून आम्ही चौघंही जिवंत निघालो. आता त्यातल्या दोघीच उरलो, मी आणि मुलगी.