अण्णांना कोणी सांगायचं

वैशाख पौर्णिमा, सकाळचे साडेदहा, बंगळुरातल्या येलहंक्याचं आमचं घर. हजर: माझे वडील अण्णा, आतल्या खोलीत खाटेवर, त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आदल्या संध्याकाळी निपाणीहून आलेली, पूजा सांगणारे गुरुजी, माझा नवरा आणि मी, पूजेला बसलेले, शेजारच्या अक्का, आणि आमची लेक, बारावी आणि सीईटी उरकून निकालाची वाट बघत घरी असलेली.

सत्यनारायण अण्णांसाठी होता. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणं बिघडलं. पातळ काही दिलं की ते पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरायचं. फ्रिजच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत कागद लावला होता: पाणी, चहा, दूध, ताक, आमटी, सगळं पावडर घालून दाट करूनच. तो कागद घरातल्या सगळ्यांना पाठ होता. आत्यालाही आल्या आल्या वाचून दाखवला होता.

भरवायचं काम हळूहळू लेकीकडे गेलं. मी बसले की अर्ध्या वाटीनंतर माझं लक्ष पुढच्या कामाकडे जायचं. अण्णांना ते कळायचं. ते तोंड मिटून घ्यायचे. लेकीला घाई नसे. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्टबाईंनी एकदा दाखवलं तेवढं तिला पुरलं. हनुवटी खाली, अर्धा चमचा, कंठमणी वर जाऊन खाली आला का बघायचं, मग पुढचा चमचा. मध्ये मध्ये ती त्यांना क्लासमधल्या पोरींच्या भानगडी सांगायची. एक वाटी खिमटीला पाऊण तास. मी दारातून बघायची आणि वॉशिंग मशीन लावायला जायची.

आरती झाली. मी स्वयंपाकघरात शिऱ्याचे द्रोण भरत होते. आत्या पंचपात्र आणि पळी घेऊन अण्णांच्या खोलीत गेली. मग खोकला ऐकू आला, आणि खोकल्यापेक्षा वाईट म्हणजे तो मध्येच थांबला.

मी धावले. अण्णांचा चेहरा काळपट झाला होता. मी अँब्युलन्सला फोन केला. फाइल काढली, विम्याचं कार्ड काढलं, औषधांची पिशवी घेतली, शिऱ्याखालचा गॅस बंद केला. करण्यासारखं सगळं केलं आणि त्यातल्या कशानेही त्यांना श्वास घेता येत नव्हता.

लेक खाटेवर चढून त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसली होती. त्यांना उठवून, पुढे वाकवून, छातीवर आडवा हात धरून ती म्हणत होती, "खोका, आजोबा. खोका. अजून एकदा."

"अगं, घोटभर पाणी दे त्याला!" आत्या ग्लास घेऊन आली.

"आत्याआजी, पाणी नाही! लांब व्हा!"

आमच्या घरात आत्याला लांब व्हा म्हणणारं आजवर कोणी जन्मलं नव्हतं. आत्या भिंतीला टेकली. अक्का फाटक उघडून रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटरवाल्यांना "स्वल्प सरका, सरका" म्हणून ओरडत राहिल्या.

पुढे हॉस्पिटलच्या बाकावर मी विचारलं, "आत्या, पाणी का दिलंस गं?"

"पाणी कुठे दिलं मी?" ती म्हणाली. "तीर्थ दिलं."

तिने कागदावरचा नियम मोडला नव्हता. आमच्यात तीर्थ पातळ नसतं आणि दाटही नसतं, ते तीर्थ असतं. गुरुजींनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी स्वतः खोलीत असते तर पळी अडवली असती का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

न्यूमोनिया झाला. आधी अतिदक्षता विभाग, मग वॉर्ड. अण्णांच्या नाकातून पोटात नळी गेली, म्हणजे भरवणंही संपलं. लेक तरी रोज यायची. वॉर्डातली एक सिस्टर हावेरीकडची होती, मराठी-कन्नड मिसळून बोलायची. घशातला कफ मशीनने ओढताना ती अण्णांना आधी सांगायची, आता नळी घालणार, आता काढणार. एकदा लेकीने तिला विचारलं, "हे सगळं शिकायला किती वर्षं लागतात?"

"चार. आणि पाठदुखी जन्मभर." सिस्टर हसली. "तू इंजिनिअर होणार ना? तुझी आई सगळ्यांना सांगते."

लेकीने सिस्टरच्या बरोबरीने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि अण्णांना कुशीवर वळवलं. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. मी वळवायची तेव्हा ती जात नसे.

अण्णा नळीसकट घरी आले त्या आठवड्यात जेवताना तिने सांगितलं. इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्सची जागा मिळते आहे, पण तिला नर्सिंगला जायचं आहे. तिथेही नाव लागलं होतं. आम्हाला न विचारता तिने दोन्हीकडे अर्ज केले होते.

नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. "घरात एक पेशंट आहे म्हणून नर्स. घरात नळ गळत असता तर प्लंबर झाली असतीस?"

"झाले असते. निदान तुम्हाला दोन महिने त्याची वाट बघायला लागली नसती, बाबा."

"विनोद नको. रात्रपाळ्या असतात."

"तुमच्याही असतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून पहाटे घरी येता तेव्हा आई लोकांना कॉल होते म्हणून सांगते."

आत्या अजून आमच्याकडेच होती. अण्णांच्या खोलीत ती आता उंबऱ्याच्या आत येत नव्हती. ती ताटाकडे बघत म्हणाली, "लोकांचं हगणं-मुतणं काढायला एवढी शिकवली का हिला?"

"त्या दिवशी तेच शिकलेलं कोणीतरी हवं होतं, आत्याआजी," लेक म्हणाली, पण हळू म्हणाली. आत्याने पदर तोंडाला लावला. मग कोणीच जेवलं नाही.

मला लेकीचं पटलं होतं. पटल्यामुळे काहीच सोपं झालं नाही. अण्णा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, मी इंजिनिअर झाले, आणि लेक पाचवीत असताना त्यांनी तिला ड्रॉइंग वाचायला शिकवलं, तेव्हापासून तिसऱ्या पिढीचं ठरलेलं होतं. नवरा दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुम्ही दोघी काय ते ठरवा, मी गाडीने सोडेन." राहिले अण्णा.

लेक म्हणाली, "आजोबांना सांगितल्याशिवाय मी जाणार नाही. आणि तू सांग."

"तूच सांग की. तुझं ऐकतात."

"म्हणूनच नको."

यातली अडचण अशी की झटक्यानंतर अण्णांकडे एकच शब्द उरला आहे, 'सरी'. ठीक आहे, म्हणायचा कन्नड शब्द. भूक लागली, सरी. दुखतंय, सरी. खिडकी लावू का, सरी. त्यातलं खरं सरी कुठलं, ते त्यांचा डावा हात बघून फक्त लेकीला ओळखता येतं. घरात कोणालाही अण्णांचं म्हणणं काय, असं वाटलं की आम्ही तिला हाक मारतो. या एका प्रश्नाला तिला खोलीत थांबायचं नाही. "मला जे हवं तेच मी त्यांच्या हातात वाचेन," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी कॉलेजात हजर राहून जागा पक्की करायची आहे. आज गुरुवार. तिची कागदपत्रं, त्यांच्या तीन-तीन प्रती, फोटो, पांढरे बूट, सगळं झालं. दुपारी अण्णांची नळी धुतली, दाढी केली, नखं कापली. दोनदा कुशीवर वळवलं. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, पंखा कमी करू का. ते म्हणाले, सरी. मी पंखा कमी केला आणि उठले.

सांगायचं राहिलं आहे.